बरगड्यांचं पूर्ण मापाचं मॉडेल: घ्या, पण मागच्या बाजूसाठी घ्या

कराडला माझं फिजिओथेरपीचं छोटं क्लिनिक आहे. कंबर, मान आणि गुडघे हे रोजचं काम, पण बरगड्या धरून येणारेही कमी नसतात. मोटारसायकलवरून घसरलेली पोरं, बाथरूममध्ये पडलेल्या आजी, खोकून खोकून बेजार झालेले काका, पावसाळ्यात शेताच्या बांधावरून पाय सटकलेल्या मावशी. "मॅडम, बरगडीत उसण भरलीय, श्वास घेतला की चमक निघते," असं सांगत माणूस एका बाजूला वाकून आत येतो. कण्याचं मॉडेल माझ्याकडे आधीपासून आहे. ते हातात घेतलं की कंबरेची गादी समजावणं सोपं जातं. छातीसाठी मात्र भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवावं लागायचं, आणि तक्त्यावर बरगडी सपाट दिसते. खऱ्या बरगडीला बाक असतो, पीळ असतो, उतार असतो. हे तिन्ही हाताला लागल्याशिवाय तिचं दुखणं समजत नाही. म्हणून छातीच्या पिंजऱ्याचं पूर्ण मापाचं मॉडेल ऑनलाइन मागवलं. आता ते रोज वापरात आहे, तेव्हा त्याबद्दल सविस्तर लिहिते.

आधी निकाल सांगून टाकते. मागची बाजू उत्तम आहे, समोरची कामचलाऊ आहे आणि पहिली बरगडी चुकलेली आहे. एवढं माहीत असून घेतलंत तर पैसे वसूल होतात.

खोक्यात येतं ते असं: छातीचे बारा मणके, बरगड्यांच्या बारा जोड्या, छातीचं मधलं हाड, आणि बरगडीच्या पुढच्या टोकापासून त्या हाडापर्यंत जाणाऱ्या कूर्चा, म्हणजे लवचीक मऊ हाडं. कूर्चा फिकट निळ्या रंगात आहेत, त्यामुळे हाड कुठे संपतं ते लांबूनही कळतं. मणक्यांतून स्टीलची दांडी गेली आहे आणि खाली जड बैठक. हाडं पीव्हीसीची, कूर्चा जरा मऊ प्लास्टिकच्या. किंमत पाच हजारांच्या आत. मला आलेल्या मॉडेलची डावीकडची बारावी बरगडी वाटेत सुटली होती. विक्रेत्याला फोटो पाठवला, त्याने कटकट न करता स्क्रूसह नवी बरगडी पाठवली. प्लास्टिकचा वास काही दिवस राहतो. खोलीत हवा खेळती ठेवली की जातो, त्यासाठी उन्हात ठेवू नका.

मॉडेल घरी आलं की सगळे ते समोरून लावतात, कारण समोरून ते ओळखीचं दिसतं. माझ्याकडे ते टेबलावर पाठमोरं असतं. प्रत्येक बरगडीची सुरुवात मागे आहे आणि तिचा बराचसा कारभार तिथेच आहे. वरच्या दहा बरगड्या मणक्याला दोन ठिकाणी टेकतात. एकदा अगदी टोकाला, ज्याला बरगडीचं डोकं म्हणतात, आणि मग साधारण अडीच सेंटिमीटर बाहेर, जिथे बरगडीवरचा बारीक उंचवटा मणक्याच्या आडव्या फाट्याला भिडतो. दुसरीपासून नववीपर्यंतच्या बरगड्यांचं डोकं एकाच मणक्यावर बसत नाही. सहावी बरगडी सहाव्या मणक्याचा वरचा काठ धरते आणि पाचव्याचा खालचा, आणि त्या दोघांमधली चकती बरोबर तिच्या डोक्याच्या मध्यावर येते. पहिली, अकरावी आणि बारावी एकेकाच मणक्याला धरून असतात, दहावी बहुधा तशीच. अकरावी-बारावीला तो उंचवटाही नसतो, त्या आडव्या फाट्याला टेकतच नाहीत.

हे सगळं या मॉडेलमध्ये आहे. मणक्यांच्या कडेला अर्धे अर्धे खळगे कोरलेले आहेत, बरगडीच्या डोक्यावर मधली धार आहे आणि उंचवटे आपापल्या जागी आहेत. मी भिंग घेऊन एकेक तपासलं. या किमतीच्या मॉडेलकडून इतकी अपेक्षा नव्हती. फऱ्याच्या हाडाच्या आतल्या कडेला टोचतं, मान खाली घातली की जास्त, दीर्घ श्वास घेतला की आणखी जास्त, अशी तक्रार घेऊन शिवणकाम करणाऱ्या बायका येतात, तासन् तास लॅपटॉपवर बसणारे येतात. त्यातल्या बऱ्याच जणांचा घोटाळा याच लहान सांध्यांमध्ये असतो. आजवर "पाठीचा सांधा आखडलाय" म्हटलं की ते कण्याच्या मधोमध हात न्यायचे. आता मॉडेलवर त्यांचं स्वतःचं बोट मणक्याच्या फाट्यावर ठेवायला लावते, आणि मग त्यांच्या पाठीवर तीच जागा दाबते. "हां, हेच ते!" असा आवाज लगेच येतो.

मागच्या बाजूला आणखी एक गोष्ट फार चांगली केली आहे. उंचवट्यापासून बाहेर गेल्यावर बरगडी एका जागी ठळकपणे पुढे वळते, त्या वळणाला बरगडीचा कोन म्हणतात. वरच्या बरगड्यांत हा कोन कण्याच्या जवळ असतो आणि खाली दहावीपर्यंत जाताना लांब लांब सरकत जातो. या मॉडेलला पाठीमागून पाहिलं तर दोन्ही बाजूंना कोनांच्या दोन तिरक्या रेषा वरून खाली फाकत गेलेल्या दिसतात. छाती पुढून-मागून चेपली जाते तेव्हा बरगडी बहुधा कोनाच्या किंचित पुढे मोडते. म्हणजे मार छातीवर बसतो आणि तड मागे कुशीला जाते. समोर काहीच नाही आणि मागे का दुखतं, असं विचारणाऱ्या पेशंटला हे वळण हाताने चाचपू दिलं की पुढचं बोलणं सोपं होतं.

आता आतली बाजू. बरगडीच्या खालच्या काठाला, आतून, एक पन्हळ असते. तिच्यात वरून खाली या क्रमाने शीर, धमनी आणि मज्जातंतू बसलेले असतात. छातीत पाणी झालेल्या माणसाचं पाणी काढताना डॉक्टर सुई खालच्या बरगडीच्या वरच्या काठाला लागून घालतात ती यासाठीच, म्हणजे वरच्या बरगडीखालची ही तिन्ही सुरक्षित राहतात. मॉडेलमध्ये पन्हळ खोल आणि स्वच्छ आहे, करंगळीचं टोक तिच्यातून सरकतं. अकराव्या बरगडीवर ती उथळ आहे, बाराव्यावर नाही, आणि खऱ्या हाडांतही असंच असतं.

या पन्हळीचा मला सगळ्यात जास्त उपयोग नागिणीसाठी झाला. आमच्याकडे बरगडीचं दुखणं म्हणून येणाऱ्यांत अधूनमधून एखादा नागिणीचा पेशंट निघतो. पुरळ उठण्याआधी काही दिवस नुसती आग होते, ठणकतं, कपड्याचा स्पर्श नकोसा होतो. माणूस उसण समजून आंबेहळदीचा लेप लावतो, कोणाकडून तरी चोळून घेतो. मग एका बाजूला, पाठीकडून पोटाकडे उतरत जाणाऱ्या पट्ट्यात फोड येतात. हा पट्टा तिरका का असतो ते मॉडेलच्या पन्हळीतून बोट फिरवलं की कळतं. लहानपणी होऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू कण्याजवळच्या मज्जातंतूच्या गाठीत दबून राहिलेला असतो. तो जागा झाला की त्याच मज्जातंतूच्या वाटेने बाहेर येतो, आणि मज्जातंतूची वाट म्हणजे बरगडीचीच वाट.

आणि भीती कसली असते, तर नागिणीची दोन तोंडं एकमेकांना मिळाली की माणूस जातो. शिकल्यासवरलेल्या घरांतही ही भीती मी पाहिली आहे. रात्र रात्र झोपत नाहीत लोक. मी मॉडेल त्यांच्या मांडीवर देते आणि दाखवते की उजवीकडचा मज्जातंतू उजवीकडून निघतो आणि पुढे छातीच्या किंवा पोटाच्या मध्यरेषेशी संपतो. डावीकडचा वेगळा. नागीण बहुतेक वेळा एकाच बाजूच्या एकाच मज्जातंतूत असते, म्हणून ती मध्यरेषेवर थांबते. तोंडं मिळण्याशी जगण्यामरण्याचा काही संबंध नाही. खरा धोका उशिराचा आहे. विषाणूवरच्या गोळ्या पुरळ दिसल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर त्यांचा सर्वाधिक उपयोग होतो. म्हातारपणी उपचार लांबला तर फोड गेल्यावरही महिनोन् महिने आग मागे राहू शकते. म्हणून मी लेप-मंत्र थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवते. या एका कामासाठीसुद्धा मॉडेलचे पैसे मला जड वाटत नाहीत.

बरगडी मोडलेल्यांचा ठरलेला प्रश्न असतो, "हाताला प्लास्टर घालतात, मग हिला का नाही?" पूर्वी छातीला घट्ट पट्टे आवळत असत. ते आता करत नाहीत. शांत बसलेला माणूस मिनिटाला बारा ते वीस वेळा श्वास घेतो, म्हणजे दिवसाला वीस हजारांच्या आसपास, आणि प्रत्येक श्वासाला बरगड्या हलतात. त्या आवळून टाकल्या तर दुखणं थोडं कमी होईल, पण फुप्फुसाचा खालचा भाग फुलणार नाही, कफ साठेल आणि न्यूमोनिया गाठेल. वयस्कर माणसात हे मोडलेल्या हाडापेक्षा वाईट. म्हणून दुखणं कमी करणारं औषध वेळेवर घ्यायचं, तासातासाने दीर्घ श्वास घ्यायचा, खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरून खोकायचं. श्वासाच्या व्यायामासाठी तीन प्लास्टिकच्या गोळ्यांचं यंत्र दिलेलं असतं, ते बहुतेक जण फुंकतात. ते फुंकायचं नसतं, श्वास आत ओढून गोळ्या वर उचलायच्या असतात. हाड साधारण सहा आठवड्यांत जुळतं. प्लास्टरविना जुळतं कारण मोडलेल्या बरगडीला वरची आणि खालची बरगडी स्नायूंनी बांधून धरते. मॉडेलवर हे स्नायू नाहीत. मी दोन बरगड्यांमधल्या फटीत जाड रबरबँड तिरके लावून दाखवते.

एक्स-रे साफ आला म्हणून बरगडी शाबूत आहे असं धरून चालू नका. जागेवरून न हललेली तड साध्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही, आणि कूर्चा तर एक्स-रेत सहसा उमटतच नाही. खाली डावीकडे, नववी ते अकराव्या बरगडीला मार असेल तर आत प्लीहा आहे, उजवीकडे यकृत आहे, मागे बाराव्याशी मूत्रपिंड. गाडीवरून पडल्यावर कुशीच्या दुखण्याबरोबर चक्कर येते, घाम फुटतो, डाव्या खांद्याच्या टोकाला विनाकारण दुखतं, अशा पेशंटला मी हातही लावत नाही, सरळ मोठ्या दवाखान्यात पाठवते. मॉडेलमध्ये अवयव नाहीत. तरी अकराव्या बरगडीवर हात ठेवून "याच्या आत प्लीहा" म्हटलं की नातेवाइकांना घाई का करायची ते समजतं.

समोर येऊ या. छातीच्या हाडाचा वरचा तुकडा आणि मधला तुकडा जिथे जुळतात तिथे आडवी कड असते. गळ्याच्या खळगीतून बोट खाली आणलं की साधारण पाच सेंटिमीटरवर ती लागते. तिच्या दोन्ही टोकांना दुसरी बरगडी येऊन मिळते. पहिली बरगडी कॉलर बोनखाली दडलेली, समोरून नीट चाचपता येत नाही, म्हणून मोजणी नेहमी या कडेपासून, दुसरीपासून सुरू करायची. मॉडेलमध्ये कड ठळक आहे आणि बोटाला लागते. माझ्याकडे येणाऱ्या इंटर्न मुलामुलींना मी इथूनच मोजायला लावते. दुसऱ्या बरगडीखालची ती दुसरी फट, असं मोजत चौथ्या फटीला छातीच्या हाडाच्या दोन बाजूंना ईसीजीचे पहिले दोन बिंदू, पाचव्या फटीत कॉलर बोनच्या मध्यातून सोडलेल्या उभ्या रेषेवर चौथा. नजरेच्या अंदाजाने लावले तर ते हमखास वर सरकतात आणि ईसीजी नको ते दाखवतो. मोबाइलमधल्या फोटोवर ही मोजणी शिकवता येत नाही, मॉडेलवर येते.

छातीच्या हाडाचं खालचं टोकही दिलं आहे, हे मला आवडलं, कारण स्वस्त मॉडेलांत ते कापलेलं असतं. चाळिशीच्या पुढे ते कूर्चेचं हाड होत जातं, आणि एखाद्या दिवशी अंघोळ करताना माणसाला पोटाच्या वरच्या खळगीत काहीतरी कठीण लागतं. गाठ आली म्हणून घाबरून आलेल्या माणसाला मॉडेलवर तेच टोक दाखवलं की निम्मी भीती तिथेच उतरते. तरी कोणतीही नवी गाठ डॉक्टरांना दाखवाच, हे मी सांगते.

कूर्चांचं काम मात्र जेमतेम आहे. वरच्या सात बरगड्यांच्या कूर्चा थेट छातीच्या हाडाला मिळतात आणि त्यांची लांबी पहिलीपासून सातवीपर्यंत वाढत जाते. आठवी, नववी, दहावी यांची कूर्चा वरच्या कूर्चेला चिकटते आणि त्यातून पोटाच्या वरची कमान तयार होते. अकरावी-बारावी पुढे कशालाच जोडलेल्या नसतात. मॉडेलमध्ये सातपर्यंत ठीक. पुढे आठ-नऊ-दहा एकाच साच्यात ओतल्यासारख्या सलग आहेत, त्यांच्यातल्या जोडाची खूण नाही. दहाव्या कूर्चेचं उजवं टोक तर गोंद सुटून लोंबायला लागलं, मी ते फेविक्विकने चिकटवलं. या जोडांना महत्त्व आहे, कारण याच खालच्या कूर्चा कधी कधी ढिल्या होऊन वरच्या बरगडीखाली सरकतात, कट्ट आवाज येतो आणि पोटाचं दुखणं समजून माणूस सोनोग्राफ्या करत फिरतो. तसा पेशंट आला की मला पुन्हा कागदावर काढून दाखवावं लागतं. शिवाय वय वाढतं तशी कूर्चेत चुन्याची साठवण होते आणि छातीचं लवचीकपण घटतं. मॉडेलच्या कूर्चा कडेपासून कडेपर्यंत एकसारख्या आहेत. सत्तरीच्या आजीची छाती तरुण पोरीसारखी का फुलत नाही, हे त्यावर दिसत नाही. सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबणं, शिकवायला तर हे मॉडेल अजिबात वापरू नका. खऱ्या छातीवर पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायचं असतं. हे त्या दाबाला तडकेल, आणि शिकणाऱ्याला खोटा अंदाज येईल. त्यासाठी पुतळा वेगळा मिळतो.

कूर्चेचा विषय निघालाच आहे तर एक सांगते, ऐकून पेशंटचे डोळे मोठे होतात. जन्मतः कानाची पाळी न झालेल्या मुलांना प्लास्टिक सर्जन या बरगडीच्या कूर्चेतूनच कान कोरून बसवतात.

पहिली बरगडी हा या मॉडेलचा खरा दोष. खरी पहिली बरगडी सगळ्यात आखूड, सगळ्यात वळलेली आणि रुंद असते. बाकीच्या बरगड्यांचा सपाटपणा आत-बाहेर असतो, हिचा वर-खाली. म्हणजे तिच्याकडे वरून पाहिलं तर पट्टी दिसते. त्या वरच्या पट्टीवर मानेच्या एका स्नायूची बारीक गाठ असते, तिच्या पुढे हाताकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेची खाच आणि मागे धमनीची, आणि धमनीबरोबरच हाताच्या मज्जातंतूंचा खालचा जुडगा तिथून जातो. हात वर केला की करंगळीकडे मुंग्या येतात, दळण उचललं की हात जड होतो, अशा तक्रारींत मला नेमकी ही जागा दाखवायची असते. मॉडेल बनवणाऱ्यांनी दुसरीच बरगडी लहान करून वर लावली आहे. काठ समोर उभा, वर ना गाठ ना खाचा. लांबून फरक कळत नाही, पण शिकणाऱ्या मुलाच्या मनात चुकीची बरगडी पक्की बसते. काही जणांना, शंभरात एखाद्याला किंवा त्याहून कमी, मानेच्या सातव्या मणक्यातून जादा बरगडी निघते आणि तीही याच वाटेवर दाब देते. ती या मॉडेलवर दाखवायचा प्रश्नच नाही, कारण मानेचा एकही मणका दिलेला नाही. तेवढा एक दिला असता तर किंमत थोडी वाढली तरी मी घेतलं असतं.

दुसरी उणीव हालचालीची. बरगडी मागे पक्की स्क्रूने बसवली आहे. खऱ्या छातीत वरच्या बरगड्या श्वासाबरोबर हातपंपाच्या दांड्यासारख्या पुढून उचलल्या जातात, छातीची खोली वाढते. खालच्या बादलीच्या कडीसारख्या बाजूने वर येतात, रुंदी वाढते. ही नावं आमच्या पुस्तकांतलीच आहेत. हे शक्य होतं कारण बरगडी मागून पुढे येताना खाली उतरते, उतरलेली वस्तूच वर उचलता येते. मॉडेलमध्ये उतार अगदी बरोबर आहे. दुसरी बरगडी समोर जिथे लागते तिथून आडवी रेघ मागे नेली तर ती चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मध्ये जाते. पण उचलून दाखवता येत नाही. मग मी पेशंटचेच हात त्यांच्या खालच्या बरगड्यांवर दोन्ही बाजूंनी ठेवायला लावते आणि श्वास घ्यायला सांगते. त्याला मॉडेलची गरज लागत नाही.

उताराचा एक वेगळाच उपयोग परवा झाला. आमच्या भागातल्या आशाताई, म्हणजे आशा आरोग्यसेविका, त्यांच्या गुडघ्यासाठी आल्या होत्या. मॉडेल पाहून म्हणाल्या, "मॅडम, बाळाच्या बरगड्या अशाच का?" तान्ह्या बाळाच्या बरगड्या जवळजवळ आडव्या असतात, त्यांना उचलायला उतारच नसतो, म्हणून बाळ पोटाने श्वास घेतं. शांत झोपलेल्या बाळाचं पोट वरखाली होणं स्वाभाविक आहे. श्वास घेताना बरगड्यांखालची छाती आत ओढली जाणं स्वाभाविक नाही. त्यांना हे ठाऊकच होतं, किती श्वासांना धाप समजायची ते आकडेही तोंडपाठ: दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५०, पुढे पाच वर्षांपर्यंत ४०. त्यांच्या प्रश्नाने मात्र मलाच मॉडेलकडे नव्याने पाहायला लावलं. बालकाच्या छातीचं असंच एक लहान मॉडेल कोणी केलं तर अंगणवाडीपासून नर्सिंग शाळेपर्यंत त्याला मागणी येईल.

आमच्या शिक्षणात आम्ही खरी हाडं हाताळली. सीनियरकडून बोनसेट विकत घ्यायचा, परीक्षेनंतर ज्युनियरला द्यायचा. सुटी बरगडी हातात दिली की डोकं मागे, पोकळ बाजू आत, पन्हळीचा धारदार काठ खाली, अशी धरून उजवी की डावी ते सांगायचं. एकेकाळी जगभरातल्या वैद्यकीय महाविद्यालयांना मानवी सांगाडे प्रामुख्याने भारतातून, कोलकात्यातून जात. १९८५ साली सरकारने ही निर्यात बंद केली. त्या हाडांमागे कोणाची परवानगी होती हे कोणी विचारत नसे, म्हणून क्लिनिकमध्ये प्लास्टिकच असावं असं माझं ठाम मत आहे. हाताला मात्र फरक जाणवतो. खऱ्या बरगडीला पीळ असतो, टेबलावर ठेवली तर तिची दोन्ही टोकं एकदम टेकत नाहीत. या मॉडेलची सुटी आलेली बारावी मी ठेवून पाहिली. तिला पीळ नव्हता, आणि बाराव्या बरगडीला तो नसतोच. सातवी स्क्रू काढून ठेवून पाहिली, एक टोक वर राहिलं. साचा खऱ्या हाडावरून घेतलेला असावा.

बाईला एक बरगडी जास्त असते का, हा प्रश्न मॉडेल पाहून दर आठवड्याला कोणीतरी विचारतं. दोघांनाही बाराच जोड्या.

फिजिओथेरपिस्ट, नर्सिंग शाळा, प्राणायाम शिकवणारे योगशिक्षक आणि अकरावी-बारावीची जीवशास्त्र प्रयोगशाळा यांनी घ्यायला हरकत नाही. पाच पैकी साडेतीन तारे. शरीररचनेच्या पहिल्या वर्षाला हे एकटं पुरणार नाही, पहिली बरगडी वेगळी दाखवावी लागेल. मागवण्याआधी विक्रेत्याकडून दोन फोटो मागून घ्या, एक अगदी वरून आणि एक पाठीमागून. वरच्या फोटोत पहिली बरगडी रुंद पट्टीसारखी दिसली तर तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला साचा मिळतोय. मागच्या फोटोत बरगडीचं डोकं दोन मणक्यांच्या मध्ये नसेल, सरळ एका मणक्याच्या मधोमध चिकटवलेलं असेल, तर कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका. स्क्रूसाठी लहान पाना खोक्यात येत नाही, तो हार्डवेअरच्या दुकानातून आणून ठेवा.